येताना पाणी उजवीकडे

कालव्याचं लोखंडी दार पाटकरणीच्या डाव्या पायावर उतरलं, त्याला पाच महिने झाले होते. हाड जुळलं, पण गुडघा अर्ध्यातच अडकला आणि पाऊल लोंबायला लागलं. चालताना पुढचा भाग जमिनीला घासायचा, म्हणून ती तो पाय कमरेतून उचलून पुढे टाकायची. डॉक्टर म्हणाला, एवढंच होईल, यापेक्षा जास्त होणार नाही. चांगली बातमी असली की डॉक्टर खुर्ची देतात, असली बातमी ते उभ्याउभ्या सांगतात.

नऊ किलोमीटरचा कालवा आणि त्यावर अकरा दारं. पाणी सुटलं की सायकलवरून काठाकाठाने जायचं, प्रत्येक दाराचं चाक नेमून दिलेले आटे फिरवायचं, पट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा आणि काठ बघत परत यायचं. हे पाटकऱ्याचं काम ती चौदा वर्षं करत होती. त्या वर्षी विहिरींनी उन्हाळ्याआधीच तळ दाखवला होता. वीस दिवसांनी एकदा पाणी सुटायचं आणि सगळ्यांचे डोळे त्याच दिवसाकडे लागलेले असायचे.

ती पडून होती तोवर तिचं काम दिराने केलं. दिराला सगळे बदलीच म्हणत. शाळेत शिपायाच्या बदली, डेअरीवर मापाड्याच्या बदली, एकदा तर बँडमध्ये ढोलवाल्याच्या बदली त्याने काम केलं होतं आणि तिथेही मार खाता खाता वाचला होता. कालव्यावर मात्र लोक त्याला थांबून नमस्कार करायला लागले. चहाला बोलवायला लागले. चाळिशी आली तरी ज्याला कुणी खुर्ची दिली नाही, त्याला लोक आता खुर्ची झटकून देत होते. माणसाला एवढंही पुरतं.

कालव्याचे साहेब एका सकाळी घरी आले आणि अंगणातच उभे राहिले.

"बाई, अजून किती दिवस चालवायचं हे? मला कागदावर एक नाव लागतं."

"माझंच आहे की," पाटकरीण म्हणाली.

"पुढचं पाणी सुटेल त्या दिवशी फेरी तुम्ही स्वतः करा. सातला निघायचं, दोनच्या आत वही माझ्या टेबलावर. जमलं तर काम तुमचं. नाही जमलं तर यांचं नाव कायम लावतो." साहेबांनी बदलीकडे बोट केलं.

बदली खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"वहिनी, मी काही मागितलं नव्हतं हं," साहेब गेल्यावर तो म्हणाला.

"माहीत आहे, भावजी."

"पण जमलं नाही तर घरातलं काम घरातच राहील, एवढं म्हणतोय मी."

 घरातलं काम घरातच, हे बरोबर होतं. पण ते काम तिचं होतं. ते गेलं तर या घरात ती कोण, हे तिला कळत नव्हतं. पाच महिने ती पलंगावर बसून भाजी निवडत होती आणि सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "बसल्या बसल्या किती करते!" ते कौतुक तिला दुखऱ्या पायापेक्षा जास्त लागायचं.

तिचा नवरा सायकलमिस्त्री. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान, सगळ्या घराला रबराचा आणि रॉकेलचा वास. साहेब आले त्या दिवसापासून मिस्त्रीने कुणाचं पंक्चरही काढलं नाही. मागच्या अंगणात पडदा लावून तो ठोकाठोक करत होता. पाचव्या दिवशी पडदा काढला. आत तीनचाकी होती. दोन चाकं मागे, एक पुढे, आणि हाताने फिरवायचं पायडल छातीसमोर. सीटला नवी गादी, सगळ्याला हिरवा रंग, मागे वही ठेवायला पत्र्याची पेटीसुद्धा. गल्लीतली माणसं बघायला जमली.

"बस," मिस्त्री म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून आनंद उतू चालला होता.

ती बसली. हाताने फिरवलं, गाडी चालली. मुलं मागे धावली. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "राणीसरकारांची स्वारी निघाली!" सगळे हसले, तीही हसली. मिस्त्री शेजारून चालत होता. कालव्याच्या काठाशी आल्यावर ती थांबली.

काठावर बैलगाड्या चढू नयेत म्हणून सुरुवातीलाच दगडाचे दोन खांब रोवलेले होते. दोन खांबांमध्ये एक माणूस आणि एक सायकल जाईल एवढीच जागा. तीनचाकीची मागची चाकं खांबांना थडकली. मिस्त्रीने गाडी मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा पुढे ढकलली. हिरवा रंग दगडाला लागला. चौदा वर्षं बायको याच खांबांमधून जात होती आणि हजार वेळा तो तिला इथवर सोडायला आला होता. त्याने सगळी मापं घेतली होती, फक्त वाटेचं घ्यायचं राहिलं होतं.

"खांब काढून घेऊ," तो म्हणाला.

"आणि पुढे? काठ आहेच दीड हात."

"मग मी मूर्खच म्हणायचा."

"मूर्ख नाही हो. तुम्ही आजारी माणसासाठी गाडी केलीत. मला बाजारात मिरवायचं नाहीये. कामावर जायचंय."

 तीनचाकी अंगणात उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिच्यावर अंथरुणं वाळत घातली.

मिस्त्री दोन दिवस घुम्यासारखा राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने दुकानाचं दार आतून लावलं, बायकोला भिंतीशी उंच स्टुलावर बसवलं आणि खडू घेऊन समोर उकिडवा बसला.

"पाय वाकव. दुखेल तिथे थांब."

तिने वाकवला. त्याने गुडघ्याच्या जागी भिंतीवर रेघ मारली. "आता सरळ कर." दुसरी रेघ. मग सुतळी लावून दोन्ही रेघांमधलं अंतर मोजलं. वीतभरही भरलं नाही. तिने लुगड्याचा काठ खाली ओढला. इतक्या वर्षांच्या नवऱ्यासमोर पाय उघडा ठेवायची तिला लाज वाटत होती, कारण तो पाय आता तिलाच ओळखीचा वाटत नव्हता. पोटरी मनगटाएवढी बारीक झाली होती.

"ओढू नकोस. मला नीट बघू दे," मिस्त्री म्हणाला. मग म्हणाला, "मी याआधी नीट बघितलाच नव्हता गं."

तिला एकदम रडू आलं. तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला, सुतळी बोटाला गुंडाळत. आतून सासूबाई ओरडल्या, "दार लावून काय चाललंय भर दुपारी?" तेव्हा रडता रडता तिला हसू फुटलं.

हिशेब असा होता. डाव्या पायाने पायडल मारता येणार नाही, तो नुसता ठेवायचा. त्यासाठी मिस्त्रीने डावं क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कापून टाकलं आणि नळीला एक पत्र्याची वाटी जोडली, टाच बसेल अशी, वरून चामड्याचा पट्टा. राहिला उजवा पाय.

"एका पायाने पायडल खाली जाईल, पण वर कोण आणणार?" ती म्हणाली.

"चाक आणेल. फ्रीव्हील जाम करतो. मग चाक फिरलं की पायडल फिरणारच, तुझी इच्छा असो नसो. उजव्या पावलालाही पट्टा."

"म्हणजे उतारावर पाय सोडून बसता येणार नाही."

"नाही. तू गाडीला चालवशील आणि गाडी तुला."

"लग्नासारखंच की," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी त्याला चिडवायची लहर तिला आली होती.

फ्रीव्हील त्याने रॉकेलमध्ये धुतलं, ग्रीस राहिलं तर वेल्डिंगला धूर धरतो म्हणून, आणि मग वेल्डिंगने जाम केलं. पहिल्या दिवशी तिने थांबण्यासाठी पायडलवर मागे जोर दिला तेव्हा ते चाकाच्या मधल्या हबच्या आट्यांवरून उलटं फिरून सुटलं आणि ती बाभळीत गेली. काटे काढत मिस्त्रीने स्वतःला चार शिव्या दिल्या आणि फ्रीव्हील वेल्डिंगने हबलाच चिकटवून टाकलं. बायकांची सायकल, मधली नळी खाली वाकलेली, त्यामुळे बसायला त्रास नव्हता. निघताना उजवा पाय जमिनीवर, सीटवर बसून गाडी जरा पुढे सरकवायची, आणि चाक फिरू लागलं की पाऊल पट्ट्यात सारायचं. थांबताना उजवीकडे कलायचं, पाऊल मागे ओढून सोडवायचं आणि टेकवायचं.

रोज पहाटे उजाडलं की दोघं काठावर. ती सायकलवर, तो मागून सीट धरून पळतोय. आधी दुसऱ्या दारापर्यंत, मग पाचव्या; तिथून परतताना ती नुसती बसायची आणि तो गाडी धरून ढकलत आणायचा. चौथ्या दिवशी ती शेवटच्या दारापर्यंत गेली आणि मिस्त्री अर्धा किलोमीटर मागे धापा टाकत बसला होता. शेवटच्या दारापाशी रस्ता लागतो. तिथून नऊ वाजता डेअरीचा टेम्पो निघायचा. सायकल टेम्पोच्या टपावर टाकून दोघं त्यानेच घरी यायची, कारण दुकान उघडायचं असायचं. नवव्या दिवसापर्यंत रोज असंच. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

पाणी सुटलं त्या दिवशी ती बरोबर सातला दोन खांबांमधून गेली. मिस्त्रीला तिने घरीच थांबवलं होतं. बदली धुवून इस्त्री केलेला शर्ट घालून कालव्याच्या तोंडाशी असलेल्या साहेबांच्या चौकीवर आधीच हजर होता.

जाताना सगळं सवयीने झालं. पाणी डावीकडे वाहत होतं, उजवीकडे शेतं. दार आलं की उजवीकडे कलायचं, पाय टेकवायचा, गाडी कठड्याला लावायची, कठडा धरून चाकापाशी जायचं. हात तिचे पहिल्यासारखेच होते. आटे फिरवताना तिला बोटांच्या टोकांपर्यंत बरं वाटत होतं. पाचव्या दारापाशी कांद्याच्या वाफ्यातला एक म्हातारा म्हणाला, "आलीस का गं? आता नीट मापात पाणी येईल." पुढचा किलोमीटर तिला जाणवलाच नाही.

शेवटच्या दारापाशी पावणेअकराला पोचली. दार पूर्ण उघडलं. पट्टीवर बघितलं आणि पुन्हा बघितलं. वरच्या दोन दारांचे आकडे ठीक होते, पुढे थोडे थोडे उतरत आले होते आणि इथे पाणी चार बोटं कमी.

शेवटच्या मळ्याची मालकीण फावडं घेऊन उभी होती. मळ्याकडे जाणाऱ्या चारीत पाणी आलं होतं, पण घोटाही बुडत नव्हता.

"बघ," ती म्हणाली. "पाच महिने हेच. तुझ्या दिराला सांगितलं तर म्हणतो, ऊन पितं पाणी."

"दारं सगळी मी मापाने उघडली आहेत."

"मग कोण पितंय?"

 पाटकरणीने वहीत आकडा लिहिला, सायकल वळवली, सीटवर बसली आणि निघण्यासाठी उजवीकडे कलली. उजवा पाय खाली टेकवला तो सरळ कालव्याच्या उतरत्या दगडांवर. शेवाळावरून पाऊल सरकलं आणि ती मांडीपर्यंत पाण्यात गेली, सायकल वरून अंगावर.

मालकिणीने काखेत हात घालून तिला वर ओढलं. ती काठावर बसली, ओलीचिंब, आणि तेव्हा तिला कळलं. जाताना पाणी डावीकडे. येताना पाणी उजवीकडे. तिचा टेकवायचा पाय एकच, आणि येताना त्या पायाखाली जमीनच नव्हती. वाट अगदी पाण्याला लागून होती. डावीकडे शेत होतं, पण डावा पाय वाटीत बांधलेला. नऊ दिवस ती जायला शिकली होती. यायला शिकलीच नव्हती. टेम्पोने यायची सवय लागली होती ना!

"टेम्पो गेला का?"

"केव्हाच. बस गं, चहा टाकते. मुलगा मोटारसायकलवर सोडेल."

"काठ कोण बघेल मग?" ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत चढला होता. "अर्धीच फेरी केली असं साहेबांना सांगू?"

अकरा वाजून गेले होते. सायकल हाताने ढकलत नऊ किलोमीटर चालली असती तर संध्याकाळ झाली असती. तिने पलीकडे बघितलं. कालव्यावर तिथे एक लोखंडी फळी टाकलेली होती, बकऱ्या न्यायला. पलीकडच्या काठावर वाट नव्हती, दारंही नव्हती. म्हणून त्या काठाने कुणी जात नसे. चौदा वर्षांत तीही कधी गेली नव्हती. कडेला काटेरी झुडपं, गुरांनी पाडलेली पायवाट आणि मागे विहिरींवरची शेतं. पण तिकडून वर निघालं तर पाणी पुन्हा डावीकडे येत होतं.

सायकलची काठी करून ती फळीवरून पलीकडे गेली.

तो काठ म्हणजे नुसता दगडगोटा. चाक उडायचं, पायडल पावलाला ओढून न्यायचं, थांबू द्यायचं नाही. झुडपं हाताला ओरबाडत होती. नळीवरच्या वाटीत डाव्या पायाला प्रत्येक हिसका बसत होता. पण कलली की उजव्या पायाखाली जमीन होती, आणि समोरच्या काठावरच्या दारांच्या पट्ट्या तिला इकडूनही वाचता येत होत्या. दहाव्या दाराच्या जरा वर तिला गवत ओलं दिसलं. भर उन्हात गवत ओलं. ती थांबली, पालथी पडून गवत बाजूला केलं. काळा पाइप पाण्यात तोंड खुपसून पडला होता आणि मागे काठावरून शेतात उतरला होता.

तिने दोन्ही हातांनी पाइप ओढून बाहेर फेकला. त्याने गुळण्या टाकल्या आणि तो रिकामा झाला. पुढे दुसरा. मग तिसरा. प्रत्येक ठिकाणी पाऊल सोडवायचं, डाव्या पायाचा पट्टा सोडायचा, उतरायचं, पोटावर पडायचं, ओढायचं, उठायचं, पुन्हा चढायचं. सहाव्यापर्यंत तिच्या कोपरांची सालं निघाली होती. सहापैकी चार मळ्यांत बदली चहाला जायचा, हे तिला घरी बसूनही माहीत होतं.

सातवा पाइप तिसऱ्या दारासमोर होता. त्याचा जोड सायकलच्या ट्यूबने बांधलेला. रबराची पट्टी तिरकी गुंडाळून शेवटचं टोक आत दाबलेलं. अशी गाठ एकाच घरात मारली जायची. तिने मान वर केली. पुढे दिराचा खंडाने घेतलेला तुकडा, त्यात टोमॅटो लगडलेले, भेंडी हिरवीगार. पाच महिने ती पलंगावर बसून निवडत होती ती हीच भाजी. हेच पाणी तिने खाल्लं होतं.

ती तिथे बसून राहिली. पाटकऱ्याच्या घरचा पाइप सापडला तर पाटकऱ्याचं काम जातं, हा नियम तिनेच कितीदा लोकांना ऐकवला होता. हा एक राहू दिला असता तर कुणाला कळणार होतं? दिराला कळलं असतं. शेवटच्या मळ्यात चार बोटं कमी पडलेलं पाणी एकट्या या पाइपाने थोडंच प्यायलं होतं? असं तिने स्वतःला सांगून बघितलं. तिला स्वतःचाच राग आला. आज सकाळी तो कांद्याचा म्हातारा "नीट मापात" म्हणाला तेव्हा ती कशी फुगली होती!

तिने पाइप ओढला. बाकीच्यांपेक्षा तो जास्त घट्ट बसवलेला होता.

चौकीवर पोचली तेव्हा दोनला दहा मिनिटं कमी होती. साहेब, बदली आणि दुकान बंद करून आलेला मिस्त्री, तिघंही अलीकडच्या काठाकडे डोळे लावून उभे होते. ती चौकीच्या पुलावरून मागून आली.

"इकडून कशी?" मिस्त्री ओरडलाच. मग त्याने तिच्या अंगावरचा चिखल आणि कोपरं बघितली, पाण्याकडे बघितलं, तिच्या उजव्या पायाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. "येतानाचं... अगं, येतानाचं मी बघितलंच नाही."

"मी तरी कुठे बघितलं?"

तिने वही टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा लावला. अकरा आकडे वाचले, मान हलवली, पान उलटलं आणि थांबले.

"हे काय? पलीकडचा काठ, सात पाइप, काढले."

"हो."

"कुणाकुणाचे?"

"सहा कुणाचे ते त्या त्या शेतात जाऊन विचारा. सातवा आमच्या घरचा आहे. नियम मला माहीत आहे, साहेब."

 मिस्त्री भावाकडे बघायला लागला. "ट्यूब मागितली होतीस," तो हळूच म्हणाला. "कशाला, ते मी विचारलं नाही."

बदलीने इस्त्रीच्या शर्टाची बाही दोनदा खाली ओढली. मग तो पुढे आला.

"तिला माहीत नव्हतं, साहेब. पाइप मी टाकला. बाकीच्यांनाही मीच म्हणालो होतो, टाका, तिकडे कोण बघतंय. वहिनी तेव्हा पलंगावर होती." तो टेबलाजवळ सरकला. "माझं नाव लिहा."

 साहेबांनी दंडाचं पुस्तक काढलं, त्यात सात ओळी आखल्या, सातव्या ओळीत बदलीचं नाव घातलं. पाटकरणीची वही आपल्याकडे ओढून शेवटी सही केली आणि परत केली.

"नोंद पाटकऱ्याने स्वतः केली आहे, असं मी लिहिलंय. काम तुमचं." त्यांनी चष्मा काढला. "पण एक सांगा, पंचवीस वर्षांत त्या काठाने कुणी गेलं नाही. पुढच्या वेळी दोन्ही काठ बघायला हवेत. जमेल?"

"एका काठाने जायचं आणि दुसऱ्याने यायचं," ती म्हणाली. "मला दुसरं जमतच नाही."

मिस्त्री हसला, साहेबही हसले. बदली तोवर निघून गेला होता.

घरी पुढचे वीस दिवस बदली तिच्याशी बोलला नाही. ताट समोर आलं की मुकाट जेवायचा आणि उठायचा. टोमॅटो वाळले. सासूबाई दोघांच्या मधे बसून कधी एकाकडे, कधी दुसरीकडे बघत उसासे टाकायच्या. सकाळी उठून तो कुठे जातो ते कुणाला माहीत नव्हतं. परत यायचा तो अंगभर ओरखडे घेऊन.

पुढचं पाणी सुटलं तेव्हा ती शेवटच्या दारावरून फळी ओलांडून पलीकडे गेली आणि सायकल धरून तिथेच उभी राहिली. झुडपं मुळापासून तोडून बाजूला रचली होती. दगड वेचून कडेला लावले होते. फळीपासून वर चौकीपर्यंत, नऊ किलोमीटर, नुकती उकरलेली तांबडी वाट गेली होती, दीड हात रुंद, आणि शेताच्या बाजूला, जिथे तिचा उजवा पाय पडतो त्या अंगाला, माती चोपून घट्ट केलेली होती.